तिपाईकाकांचा शनिवार

तिपाईकाका कुठल्याही खोलीत शिरले की आधी तिथली उभी वस्तू हलवून बघतात. टेबल असो, शिडी असो, कुणाचा छत्र्यांचा स्टँड असो. हात टेकवल्यासारखा करतात आणि हळूच एक हिसका देतात. त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, पण मी बसायच्या आत परत ओढून घेतलं, पालथं घातलं, एका पायाखालचं रबर काढून दुसरं घातलं, जमिनीवर ठेवून हलवलं, आणि मग म्हणाले, "हं, आता बसा. मघाशी ते खोटं बोलत होतं."

त्यांचं दुकान लाँड्री आणि झेरॉक्सवाल्याच्या मध्ये आहे. दोन माणसं आत असली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढंच. भिंतीवर आणि छताला नुसते पाइप, पाय, क्लॅम्प आणि आडवे दांडे लटकलेले. माइकचे स्टँड, स्वरलिपीचे कागद ठेवायचे स्टँड, कॅमेऱ्याच्या तिपाया, ड्रमसेटचं लोखंडी सामान. काका वाद्यं दुरुस्त करत नाहीत. कुणी गिटार घेऊन आलं तर हात मागे घेतात. "वाजतं ते माझं नाही. वाजतं ते ज्याच्यावर उभं असतं, तेवढंच माझं."

हे कसब त्यांनी वाद्यांवर शिकलेलं नाही. बावीस वर्षं ते हॉस्पिटलच्या सामानाच्या कारखान्यात होते. खाटा, पडद्यांच्या चौकटी, आणि मुख्य म्हणजे सलाइनचे स्टँड. कारखाना बंद पडला तेव्हा वय पंचेचाळीस, हातात एवढी एकच विद्या. मग शेजारच्या एका गायकाने मोडका माइक-स्टँड आणून दिला, आणि त्यातून हे दुकान उभं राहिलं. मला एकदा म्हणाले होते, "सलाइनचा स्टँड पडतो तेव्हा नुसता स्टँड पडत नाही, ताई. त्याला एक माणूस जोडलेला असतो." हे वाक्य मी तेव्हा मान डोलावून ऐकलं.

दुकानात अजून एक गोष्ट आहे. काउंटरच्या मागे एक लाकडी फळी, तिच्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेक मोडका भाग टांगलेला. तुटलेला पाय, चिरलेलं रबर, वाकलेला दांडा. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली. मी चाळा म्हणून वाचत गेले. "वेल्ड घाईत केलं." "जुनं रबर चालेल वाटलं." "गिऱ्हाईक किती उंच आहे ते विचारलं नाही." सगळ्या चिठ्ठ्या काकांच्याच अक्षरात, आणि सगळ्या चुका काकांच्याच. दुसऱ्या कुणाला ते बघून आदर वाटला असता. मला वाटलं, बाई गं, हा माणूस एवढ्या चुका करतो? आणि वर लटकवून ठेवतो?

मी मुळात घाबरट आहे. हे मान्य करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. गॅसचं बटण मी तीनदा बघते. दाराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघते, जिना उतरून परत वर येऊन पुन्हा ओढते. लेकीच्या बाबांनी यावरून माझी इतकी चेष्टा केली आहे की आता तेही कंटाळले. आणि अशा बाईच्या पोटी ही पोरगी जन्माला आली, जी तेराव्या वर्षी म्हणाली, मला ड्रम वाजवायचेत.

ड्रमसेट जुना, वापरलेला मिळाला. पायाने वाजवायचा मोठा बेस ड्रम, मांडीजवळचा स्नेअर, झांजा, सगळं होतं. फक्त एक छोटा ड्रम, ज्याला टॉम म्हणतात, तो सुटा होता. तो बसायला हवा वाजवणाऱ्याच्या छातीसमोर, बेस ड्रमच्या वर, पण त्याला धरायला काहीच नव्हतं. तीन वर्षं लेकीने तो एका उंच खुर्चीवर उशी ठेवून वाजवला. दर चार ठोक्यांनंतर तो खाली घसरायचा आणि ती डाव्या कोपराने त्याला वर ढकलायची. सोळाव्या वर्षी तिच्या संगीत विद्यालयात वार्षिक कार्यक्रमाला तिची निवड झाली. सर म्हणाले, "खुर्ची घेऊन रंगमंचावर येणार आहेस का? तिपाईकाकांकडे जा."

म्हणून आम्ही गेलो, ड्रमसेट टेम्पोत घालून.

काका बेस ड्रमभोवती एक फेरी मारून आले. "याला वर भोक नाही. भोक पाडलं तर त्यातच दांडा बसवून टॉम वर टांगता येईल. स्टँडच नको."

"मग पाडा ना," मी म्हणाले. जमिनीवर एक वस्तू कमी, तेवढी अडखळण्याची भीती कमी.

"भोक पाडणं दोन मिनिटांचं काम आहे, ताई. बुजवणं मला येत नाही." ते लेकीकडे वळले. "तुला काय वाटतं?"

"नको," ती म्हणाली. "त्याचा आवाज चांगलाय तसाच."

"झालं. भोक रद्द."

माझं मत विचारात घेतलं गेलं नाही हे मला तिथेच टोचलं.

मग त्यांनी तीन स्टँड काढून ओळीने मांडले. पहिला बुटका, वर तीन रबरी बोटं असलेला. टॉम त्यात ओंजळीत धरल्यासारखा खालून बसतो. दुसरा जाडजूड, दुहेरी पायांचा, नवा कोरा, चकचकीत. त्याचा आडवा दांडा टॉमच्या अंगावरच्या कडीत घुसतो आणि घट्ट होतो. तिसरा सडपातळ, जुना, मानेजवळ रंग उडालेला. त्याच्या दांड्याला एक कडं होतं आणि टॉम त्या कड्यात काठाच्या स्क्रूंवर नुसता तरंगत राहायचा.

मी मनात दुसरा घेऊन टाकला होता.

काकांनी टॉम दोन बोटांनी काठाला धरून हवेत उचलला आणि लेकीला म्हणाले, "एकदाच मार. मारून थांब." तिने मारलं. काका डोळे मिटून मोजायला लागले. "एक... दोन... तीन... चार... पाच... सहा." सहाला आवाज विरला. "हा याचा स्वतःचा श्वास. आता बघू कोण किती खातं."

पहिल्या स्टँडवर आवाज चारला संपला. दुसऱ्यावर पाचच्या आत. तिसऱ्यावर सहा म्हणता म्हणता.

"पण तो हलतोय," मी म्हणाले. खरंच, तिसऱ्यावरचा टॉम ठोका बसल्यावर जरासा डोलत होता.

"हलू दे की. धरून ठेवायचंय, आवळून मारायचं नाही."

"काका, मला हा जड द्या. दुहेरी पाय आहेत. मन शांत राहील."

काकांनी वाद घातला नाही. लेकीला म्हणाले, "उचल गं तो, आणि लाँड्रीपर्यंत जाऊन ये." ती गेली, चार पावलांवर थांबली, खांदा बदलला, दाराशी टेकवला आणि तिथूनच हसली. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आठवड्यातून दोनदा तिला स्टँड विद्यालयात न्यायचा होता.

"रोज उचलवत नाही ती वस्तू माणूस एक दिवस दारातच सोडून जातो," काका म्हणाले.

आतून त्यांच्या बायकोचा, काकूंचा, आवाज आला. त्या मागच्या अरुंद खोलीत ड्रमच्या खोळी शिवतात. "म्हणूनच तुम्हाला अजून सोडलं नाही मी. वजनच काय तुमचं!"

सगळे हसले. मीही हसले, पण माझे डोळे त्या उडालेल्या रंगावर होते. जुना माल गळ्यात मारतोय, असं एक वाक्य माझ्या डोक्यात तयार झालं होतं आणि ते काही केल्या जात नव्हतं.

सडपातळ स्टँडच ठरला. काकांनी लेकीला दाखवलं, उंची कशी ठरवायची, कडं कसं बसवायचं. मानेजवळ कड्याचा दांडा धरून ठेवणारा एक नट होता, दोन पंखांचा. "याला मी फुलपाखरू म्हणतो. दोन बोटं आणि अंगठा. फिरवायचं, थांबलं की आपणही थांबायचं. पकड लावायची नाही, पाना लावायचा नाही. फुलपाखराला कुणी पकडीत धरतं का?"

हे ते लेकीकडे बघून बोलले. मी तेव्हा खाली वाकून पायांचे जोड तपासत होते. पण मी ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता.

पहिला आठवडा मी नुसती बघत राहिले. लेक संध्याकाळी वाजवायची, टॉम डोलायचा, आणि मी दाराआड उभी राहायचे. तिचे पाय बरोबर त्याच्या खाली. मग एका सकाळी ती कॉलेजला गेल्यावर मी तिच्या खोलीत फडकं मारत होते, टॉमला बोट लावलं, तो हलला. मी ओट्याखालच्या ड्रॉवरमधून पकड आणली, पिवळ्या मुठींची. फुलपाखराचे पंख धरले आणि पाव फेरा दिला. बास, पाव फेराच. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशीही बरं वाटावं म्हणून पुन्हा दिला.

त्यानंतर ते गॅसच्या बटणासारखं झालं. फडकं, पकड, पाव फेरा, मग डबा भरून ऑफिस. लेक एकदा म्हणाली, "आई, हा नट मला सोडवत नाही. रुमाल गुंडाळून फिरवावा लागतो. तू काही करतेस का त्याला?" मी म्हटलं, "असू दे, घट्ट बरा." दोन महिन्यांनी एका सकाळी पाव फेरा देताना आतून बारीक कर्र असा आवाज आला आणि त्यानंतर नट अगदी सहज फिरला. मला वाटलं, चला, आता कुठे नीट बसला.

आतले आटे गेले होते. फेरा देताना धरणारं काही उरलंच नव्हतं.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, विद्यालयाच्या मोठ्या खोलीत सराव चालू असताना टॉम कड्यासकट खाली आला. लेकीच्या डाव्या पायावर. दोन बोटांची हाडं चिरली. मला ऑफिसात फोन आला, आणि मी जिन्यात चप्पल सोडून तशीच धावले. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. कार्यक्रम गेला. तिच्या जागी दुसऱ्या मुलाने वाजवलं.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पत्रं लिहिण्याचं काम करते. तक्रारींना उत्तरं, वरिष्ठांना अहवाल. भाषेत पदवी घेतलेली आहे, आणि माझं पत्र परत येत नाही असा माझा लौकिक आहे. त्या संध्याकाळी मी विद्यालयाच्या प्रमुख बाईंना पत्र लिहिलं. दोन पानं. "जुना व वापरण्यास अयोग्य माल" असा शब्दप्रयोग होता. "मुलांच्या सुरक्षिततेशी खेळ" असाही होता. "आपल्या संस्थेने अशा व्यक्तीच्या हाती किती काळ विश्वासाने किल्ल्या द्याव्यात" हे शेवटचं वाक्य होतं. लिहून झाल्यावर मी ते लेकीच्या बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जरा जास्त होतंय का?" मी म्हटलं, "तुम्हाला भाषेतलं काय कळतंय?"

ती किल्ली म्हणजे काय, हे सांगायला हवं. विद्यालयातल्या वाद्यांच्या खोलीची एक किल्ली काकांकडे असायची, गळ्यात जाड दोऱ्याला. चौदा वर्षं दर शनिवारी सकाळी ते धुतलेला शर्ट घालून, खांद्याला कापडी पिशवी लावून तिथे जायचे, मुलं येण्याच्या आधी. खोल्याखोल्यांतून फिरून प्रत्येक स्टँड, प्रत्येक स्टूल हलवून बघायचे. मुलं आली की "काका, माझाही बघा, माझाही!" करून त्यांच्या मागे. काकू सांगायच्या, "हे शुक्रवारी रात्रीच बूट पुसून ठेवतात. लग्नात पुसले नव्हते." आठवड्याचे बाकीचे दिवस ते दुकानदार होते. शनिवारी ते कुणीतरी होते.

बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. मी, लेक प्लास्टर घातलेला पाय खुर्चीवर ठेवून, समोर काका, मध्ये टेबलावर तो स्टँड.

काकांनी फुलपाखरू बोटाने फिरवलं. ते भिरभिरलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नट डोळ्यांजवळ नेला, पंखांवरून अंगठा फिरवला. पंखांवर खाचा होत्या, दोन्ही बाजूंनी, एकसारख्या, कंगव्याच्या दातांसारख्या. मला त्या टेबलापलीकडूनही दिसल्या.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "घरी कुणी पकड लावत होतं का याला?"

"आमच्या घरी पकडच नाही," मी म्हणाले.

विचार करून बोलले नाही. पण लगेच बोलले, आणि स्पष्ट बोलले. शेजारी लेकीने माझ्याकडे बघितलं, मग आपल्या प्लास्टरकडे.

काकांनी नट परत स्टँडला लावला. मग म्हणाले, "मग माल कच्चा असणार. माझंच चुकलं."

बाईंना अवघड झालं होतं. त्या म्हणाल्या, "तोवर शनिवारचं... जरा राहू द्या, काका." काकांनी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला, किल्ली टेबलावर ठेवली. उठताना सवयीने त्यांचा हात टेबलाच्या कडेवर गेला आणि त्यांनी टेबल हलवून बघितलं. मग स्टँड उचलला आणि गेले.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? पकड जुन्या बुटांच्या खोक्यात, माळ्यावर.

प्लास्टर निघालं. लेक चालायला लागली, पण ड्रमकडे फिरकेना. मला वाटलं, धसका घेतलाय. एका दुपारी मी म्हटलं, "आपण नवा स्टँड आणू. जड, दुहेरी पायांचा. तुझे बाबा उचलतील."

ती बिछान्यावर बसून नखं बघत होती. "आई, पिवळी पकड कुठंय?"

"कुठली पकड?"

"ओट्याखालच्या ड्रॉवरमधली. आपल्या घरी नसलेली."

मी म्हणाले, "मग तिथं का नाही बोललीस?"

"तू माझी आई आहेस म्हणून." तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती सरळ माहिती दिल्यासारखं म्हणाली. "सर सांगत होते, काका आता शनिवारी येत नाहीत. नव्या माणसाने माझ्या मैत्रिणीचा स्टँड उलटा लावला."

ती उठून बाहेर गेली. मी तिथेच बसून राहिले, त्या टॉमसमोर. तो परत त्या उंच खुर्चीवर होता, उशीवर.

धीर गोळा करायला मला अजून चार दिवस लागले. योगायोगाने गेले तो वार शनिवारच होता. काका दुकानात होते, अंगात धुतलेला शर्ट. मला बघून उठले, स्टूल हलवलं, पुढे केलं. "पाय कसाय पोरीचा?"

हाच पहिला प्रश्न. मला स्टुलावर बसवेना.

तेवढ्यात माझी नजर फळीवर गेली. नवा खिळा होता. त्यावर आमचं फुलपाखरू, खाचा असलेलं, आणि त्याखाली चिठ्ठी. मी वाकून वाचली.

"आईला सांगायचं राहिलं."

मी म्हटलं, "काका, पकड मी लावत होते. रोज. दोन महिने. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

"हं," ते म्हणाले. "माहीत होतं."

"माहीत होतं?"

"खाचा दिसतात की, ताई. बावीस वर्षं लोखंड बघितलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? पोरीच्या पायाला प्लास्टर. मी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. आईने लेकीसमोर नाही म्हटल्यावर पुढं काय विचारायचं?"

आतून मशीनचा आवाज थांबला होता. काकू दारात आल्या, तोंडात टाचण्या. एकेक काढून उशीला टोचत म्हणाल्या, "मी असते तर विचारलं असतं."

"अगं..."

"अगं काय? ताई, सात शनिवार झाले. हा माणूस पहाटे उठतो, अंघोळ करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो, आणि मग घरातल्या खुर्च्या हलवत बसतो. परवा देव्हाऱ्यासारखं माझं मशीन पुजलं, चारही पायांना तेल. मी म्हटलं, अहो, मशीनला पाय आहेत, चालता येत नाही त्याला!" त्या हसल्या, पण माझ्याकडे बघून नाही. "तुम्ही पत्र दोन पानी लिहिलंत म्हणे."

"हो," मी म्हणाले.

"आम्हाला दाखवलं बाईंनी. अक्षर छान आहे तुमचं."

मी काकांना म्हणाले, "ती चिठ्ठी बदला. माझं लिहा. 'आईने पकड लावली.' नाव घालून लिहा."

काकांनी मान हलवली. "त्या फळीवर फक्त माझ्या चुका असतात, ताई. मी फक्त पोरीला सांगितलं, तुम्हाला नाही सांगितलं. ते खरंच आहे. तुम्ही रोज दारामागून बघणार, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं." मग ते म्हणाले, "तुमच्या चुकीला माझ्याकडे खिळा नाही."

हे त्यांनी रागावून म्हटलं नाही. पण मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या स्टुलापाशी उभं असताना कळलं.

घरी येऊन मी दुसरं पत्र लिहायला घेतलं. दोन पानांचं पत्र मी अर्ध्या तासात लिहिलं होतं. या पाच ओळींना अख्खा रविवार गेला. "खेदाने कळविते की" असं पहिल्यांदा लिहिलं, खोडलं. शेवटी साधं लिहिलं. पकड मी लावली. आटे माझ्यामुळे गेले. तुमच्यासमोर मी खोटं बोलले. काकांचा दोष नाही. त्यांना परत बोलवा.

बाईंनी ते माझ्यासमोर उभ्याउभ्या वाचलं, घडी केली. "तुमचं आधीचं पत्र फार परिणामकारक होतं," त्या म्हणाल्या. "विश्वस्तांनी ते वाचून एका कंपनीला वर्षाचं काम देऊन टाकलं. किल्ली त्यांच्या माणसाकडे गेली. आता वर्ष संपल्यावर बघू."

"हे पत्रही विश्वस्तांना दाखवाल?"

"दाखवेन. पण हे फार छोटं आहे."

मी तिथून सरळ दुकानात गेले आणि काकांना सांगितलं, एक वर्ष. ते एका पाइपला काळा पॉलिश-पेपर घासत होते. घासता घासता म्हणाले, "बरं." नंतर म्हणाले, "वर्ष काय, जातं." पण त्यांचा हात त्या पाइपच्या एकाच जागी बराच वेळ फिरत राहिला.

पुढच्या आठवड्यात मी लेकीला घेऊन गेले. काकांनी तोच सडपातळ स्टँड काढला. मानेचा भाग बदलला होता, नवं फुलपाखरू बसवलं होतं. तीन स्टँड पुन्हा ओळीने मांडले नाहीत, कुणी विचारलंही नाही. ते म्हणाले, "आज तुम्ही आवळा, ताई."

दोन बोटं आणि अंगठा. फिरवलं. थांबलं. माझी बोटं ऐकेनात, त्यांना अजून पाव फेरा हवा होता.

"थांबलं ना?"

"हो."

"मग थांबा."

मी हात काढला. लेकीने एक ठोका मारला. टॉम डोलला, आणि काका मोजायला लागले. सहापर्यंत गेलं. काकू आतून म्हणाल्या, "सातवा मला ऐकू आला," आणि काका म्हणाले, "तो तुझ्या मशीनचा होता."

लेक आता वाजवते. सकाळी मी तिच्या खोलीत फडकं मारायला जात नाही. ते काम तिच्याकडे दिलंय. तिच्या खोलीच्या भिंतीत मी काल एक खिळा ठोकला आणि त्याला पिवळी पकड टांगली. खाली चिठ्ठी बांधली, "मी पकड लावली."

लेकीने कॉलेजहून आल्यावर ती वाचली. पिशवीही उतरवली नव्हती. "अर्धंच लिहिलंयस," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

खरंय. पकड लावली ते भीतीने. ते कुणीही पोटात घालेल. नंतर एका माणसाने तोंडावर सरळ विचारलं, तेव्हा मी काय उत्तर दिलं, ते चिठ्ठीवर नव्हतं. आज सगळे झोपल्यावर दुसरा कागद घेऊन बसले, म्हटलं ते एक वाक्य लिहून टाकावं. ते एका वाक्यात बसलं नाही. दोऱ्याला बांधायला ही पानं जड होणार. पण उद्या शनिवार आहे. सकाळी काका धुतलेला शर्ट घालून घरातल्या खुर्च्या हलवत बसतील, आणि त्याच्या आत हे खिळ्याला लागलेलं असलं पाहिजे.